अलास्का: जहाज ठरलं, पण बसचं काय?

दर हिवाळ्यात सिअ‍ॅटलच्या आमच्या मित्रमंडळात कुणाचा तरी फोन येतो. पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा येणार असतात, अलास्का क्रूझ करायची हे ठरलेलं असतं, आणि घोडं एकाच ठिकाणी अडलेलं असतं. नुसतं सात दिवसांचं जहाज घ्यायचं, की पुढे डेनाली नॅशनल पार्क, फेअरबँक्स शहर असा जमिनीवरचा भागही जोडायचा? जोडला तर बसमध्ये तासन् तास बसावं लागतं म्हणतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आईला ते झेपेल का, आणि एवढे पैसे खर्चून खिडकीतून झाडंच बघायची का?

मी हा प्रवास दोनदा केला. २०१८ च्या जूनमध्ये सासू-सासऱ्यांबरोबर, सगळा जमिनीवरचा भाग कोचने (म्हणजे मोठ्या टूर बसने). मग २०२३ च्या ऑगस्टअखेर माझ्या आई-अण्णांबरोबर, उलट दिशेने आणि बराचसा रेल्वेने. पहिल्या खेपेला माझं मत झालं होतं की बसने सहलीचा विचका केला. दुसऱ्या खेपेनंतर ते बदललं. विचका झाला होता हे खरं, पण त्यात बसचा दोष मी समजत होते त्याच्या निम्मादेखील नव्हता.

आधी पर्याय काय आहेत ते सांगते, कारण जाहिरातीत ते सगळे सारखेच दिसतात. एक म्हणजे सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परत येणारं जहाज. बॅग एकदाच उघडायची, बसचा संबंध बंदरावरच्या छोट्या फेऱ्यांपुरता. दुसरा म्हणजे व्हँकूव्हरहून निघून उत्तरेला व्हिटियर किंवा सुअर्ड बंदरात संपणारं, किंवा तिथून निघून व्हँकूव्हरला येणारं एकेरी जहाज. त्याच्या पुढेमागे तीन ते सहा दिवस जमिनीवर घालवता येतात. ते दिवस क्रूझ कंपनीच्या कोचने घालवायचे, रेल्वेने घालवायचे, की गाडी भाड्याने घेऊन स्वतः, हा पुढचा प्रश्न. खरी तुलना इथेच आहे.

आम्ही घेतलेलं कोचचं पॅकेज

२०१८ चा आमचा कार्यक्रम कागदावर झकास होता. सकाळी व्हिटियरला जहाज सोडलं, कोचने अँकरेज, साधारण १०० किलोमीटर. तिथे एक रात्र. दुसऱ्या दिवशी अँकरेज ते डेनाली नॅशनल पार्कचं प्रवेशद्वार, ३८० किलोमीटर. तिथे एक रात्र. तिसऱ्या दिवशी फेअरबँक्स, १९५ किलोमीटर, एक रात्र, आणि विमान. बेरीज केली तर ६७५ किलोमीटर. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, त्याहूनही कमी, आणि तेही तीन दिवसांत. मी सासूबाईंना तसंच सांगितलं होतं. "मुंबई-कोल्हापूर एक दिवस, पुणे-नाशिक एक दिवस, बस्स." अंतरं खरोखर तेवढीच आहेत आणि रस्ते आपल्यापेक्षा गुळगुळीत. कोचमध्ये पाय पसरायला बऱ्यापैकी जागा, मोठ्या काचा, मागे शौचालय (आहे म्हणून जिवाला आधार, वापरायची वेळ कुणावरच न यावी असं), आणि ड्रायव्हर बोलका.

प्रत्यक्षात डेनालीचा दिवस असा गेला. पहाटे सहाला मोठ्या बॅगा खोलीच्या दाराबाहेर ठेवायच्या. सातला बस. मधे दोन-तीन थांबे, दुपारी दीडला लॉज. खोल्या तयार नव्हत्या. तीन वाजता पार्कमधली टूर, म्हणजे पुन्हा बस. तेव्हा पार्कचा रस्ता आतपर्यंत खुला होता, त्यामुळे ती फेरी सात-आठ तासांची. रात्री साडेदहाला, लख्ख उजेडात, परत. आणि दुसऱ्या दिवशी सातला बॅगा पुन्हा दाराबाहेर. सासूबाईंचे पाय भरून आले होते. सासरे तसे तक्रार करणारे नव्हेत, पण फेअरबँक्सच्या हॉटेलात ते एवढंच म्हणाले, "बस वाईट नव्हती गं, पण उतरून कुठे थांबूच दिलं नाही."

या वाक्यात सगळं आलं. एका दिवसात तेरा-चौदा तास बस, त्याला मान मोडून झोपणं म्हणतात, प्रवास नाही. पण तेच दोन प्रवास दोन वेगळ्या दिवशी असते तर? सहा-साडेसहा तासांचा एक दिवस, मग रात्रभर विश्रांती, मग पार्क. डेनालीला एक रात्र जास्त, एवढाच फरक. आम्ही ती वाचवली होती, कारण ते पॅकेज स्वस्त दिसत होतं.

आणखी एक गोष्ट त्या एका रात्रीपायी गेली, ती म्हणजे डेनाली पर्वत. ६,१९० मीटर उंचीचा हा पर्वत, उत्तर अमेरिकेतला सर्वांत उंच, स्वतःचं हवामान स्वतः तयार करतो आणि बहुतेक वेळ ढगातच असतो. उन्हाळ्यात येणाऱ्यांपैकी जेमतेम तिघांतल्या एकाला तो दिसतो, असं तिथे सगळेच सांगतात. आमच्या वाट्याला तिथला एकच दिवस होता आणि तो ढगाळ निघाला. २०२३ मध्ये दोन रात्री होत्या. पहिल्या दिवशी पाऊस, दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला अख्खी रांग उघडी पडली. अण्णा टोपी काढून उभे राहिले. (पर्वताचं नाव २०१५ मध्ये अधिकृतपणे डेनाली झालं, २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या केंद्र सरकारने ते पुन्हा मॅकिन्ली केलं. पार्कचं नाव डेनालीच आहे. त्यामुळे पॅकेजच्या कागदावर दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका.)

पोचण्याचे तास आणि पाहण्याचे तास

बसचे तास सगळे एकाच मापाने मोजले की निर्णय चुकतो. काही तास कुठेतरी पोचण्यासाठी असतात आणि काही पाहण्यासाठी. दुसऱ्या प्रकारच्या तासांवर रडण्यात अर्थ नाही, कारण त्यासाठीच आपण गेलेलो असतो.

डेनाली पार्कच्या आतला प्रवास हे त्याचं धडधडीत उदाहरण. पार्कमध्ये एकच रस्ता आहे, ९२ मैलांचा. खासगी गाडीला उन्हाळ्यात पहिल्या १५ मैलांपर्यंतच, सॅव्हेज नदीपर्यंत, परवानगी. पुढे बसनेच जायचं, मग तुम्ही क्रूझ कंपनीचे पाहुणे असा की स्वतःच्या गाडीने आलेले. त्यामुळे 'आम्ही गाडी घेतो म्हणजे बसची कटकट नको' हा हिशेब डेनालीत चालत नाही. उलट ही बस त्या लग्झरी कोचपेक्षा कडक: शाळेच्या बससारखी, सीट अरुंद, आत शौचालय नाही. तास-दीड तासाने थांबते तिथे जाऊन यायचं. मधुमेह असलेल्यांनी, प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी हे आधीच विचारात घ्यावं. पण कुणीतरी "थांबा!" म्हणून ओरडतं, बस थांबते, काचा खाली सरकतात आणि टेकडीच्या उतारावर अस्वल आपल्या पिल्लांसह बेरी खात असतं. सासूबाई त्या बसमध्ये पाच तास डुलकी न घेता बसल्या होत्या. अँकरेजहून येताना मात्र त्या वाटेतलं वासिला गाव यायच्या आत झोपल्या.

आता त्या रस्त्याची स्थिती वेगळी आहे. ४५ व्या मैलाजवळ, प्रिटी रॉक्स नावाच्या ठिकाणी, डोंगराचा उतार खचत होता. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथून पुढचा रस्ता बंद केला. पूल बांधायचं काम हाती घेतलं, पण २०२५ च्या हंगामातही बसगाड्या ४३ व्या मैलापर्यंतच जात होत्या. याचा एक फायदाही आहे. लांबची फेरी आता साधारण साडेपाच तासांची झाली, सात-आठ तासांची नाही. ज्येष्ठांसाठी ते बरंच. बुकिंग करताना मात्र तुमच्या पॅकेजमध्ये पार्कची कुठली फेरी आहे ते विचाराच. बऱ्याच पॅकेजमध्ये छोटी, इतिहास सांगणारी फेरी धरलेली असते; ती सुमारे ३० व्या मैलापर्यंतच जाते. प्राण्यांसाठी लांबची घ्यायची असेल तर वरचे पैसे. मी असते तर इतर कशातही काटकसर केली असती, पण इथे नाही.

आयटिनररी हातात आली की पेन घेऊन बसा आणि प्रत्येक बसप्रवासापुढे खूण करा, पोचण्याचा की पाहण्याचा. पोचण्याचे प्रवास दिवसाला साडेसहा तासांच्या पुढे नसावेत, आणि त्याच दिवशी दुसरा प्रवास नसावा. मग पाहा किती हॉटेलं एका रात्रीची आहेत. दोन चालतील. तीन सलग एका रात्रीची असली तर सहलीची मजा तिथेच संपते. बस कितीही छान असो. खरा त्रास पहाटेच्या बॅगा, खोलीची नवी चावी आणि "चार्जर कुठे राहिला?" याचाच असतो.

लॉजच्या नावांचीही एक खोच आहे. काही पॅकेजमध्ये 'डेनाली भागात दोन रात्री' असं लिहिलेलं असतं आणि त्यातली एक रात्र ट्रॅपर क्रीकजवळच्या, दक्षिणेकडच्या लॉजमध्ये असते. ते ठिकाण पार्क्स हायवेच्या १३३ व्या मैलाजवळ. पार्कचं प्रवेशद्वार २३७ व्या मैलाला. म्हणजे मधे १६५ किलोमीटरहून जास्त, दोन तासांहून अधिक. दक्षिणेकडून हवा स्वच्छ असली तर पर्वत सुंदर दिसतो हे खरं, पण तिथे राहून पार्कला जाता येत नाही. दोन रात्री म्हणजे प्रवेशद्वाराजवळ दोन रात्री की इकडे एक तिकडे एक, हे फोन करून विचारा.

रेल्वे: जास्त तास, कमी दगदग

लोकांना वाटतं रेल्वे म्हणजे वेळ वाचतो. अलास्कात उलट. कोच अँकरेजहून डेनालीला थांब्यांसह सहा-साडेसहा तासांत पोचतो, भाड्याची गाडी साडेचार तासांत. अलास्का रेलरोडची डेनाली स्टार गाडी सकाळी निघून दुपारी चारच्या सुमाराला, म्हणजे साडेसात-पावणेआठ तास घेते. डेनाली ते फेअरबँक्स आणखी चार तास. अँकरेज ते फेअरबँक्स सगळं मिळून ३५६ मैल, बारा तास. तास मोजले तर बसच जिंकते.

तरीही आई-अण्णांसाठी मी रेल्वेच घेतली आणि तिचा पश्चात्ताप झाला नाही. उठून फिरता येतं, हाच मोठा फरक. आई दर अर्ध्या तासाने उठून डब्याच्या टोकापर्यंत जाऊन येत होती. कोचमध्ये धावत्या बसच्या मार्गिकेत तिला उभंही राहता आलं नसतं. खाली जेवणाचा डबा, वर काचेचं छत. अलास्का रेलरोडच्या वरच्या वर्गाच्या डब्याला एक उघडी गच्चीसुद्धा आहे. तिथे वारा असा की अण्णांनी मफलर कानाला बांधला तो व्हिटियरपर्यंत सोडला नाही. क्रूझ कंपन्यांचे स्वतःचे काचेच्या छताचे डबेही असतात. ते याच रेलरोडच्या इंजिनाला जोडलेले असतात. रस्ता अनेक ठिकाणी वेगळा जातो. हरिकेन गल्च नावाच्या दरीवरचा रेल्वेपूल २९६ फूट उंच. तिथे गाडी मुद्दाम सावकाश जाते. तो क्षण कोचमधल्यांच्या वाट्याला येत नाही, त्यांना आपला हायवेचा पूल.

ही रेल्वे तशी नवीच म्हणायची. १९२३ च्या जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी नेनाना गावी सोन्याचा खिळा ठोकून ती पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. आणि अँकरेज-फेअरबँक्स थेट हायवे तर १९७१ चा. नेनाना आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध: नदीवरचा बर्फ वसंतात नक्की कधी फुटेल यावर १९१७ पासून तिथे लोक पैज लावतात. दिवस, तास आणि मिनिटसुद्धा सांगायचं. आपल्याकडे एवढ्या शिस्तीत कुणी पावसावर पैसे लावतील असं वाटत नाही.

रेल्वेच्या बाजूने बोलतेय तर तिचे दोषही सांगायला हवेत. पैसे जास्त, वरच्या वर्गाचे तर खूपच जास्त. साधा वर्गही बरा आहे, त्यात काचेच्या छताचा डबा सगळ्यांना मिळून वापरायचा असतो. आणि दक्षिणेकडे येताना टॉकीटना गावानंतरचे शेवटचे तीन तास कंटाळवाणे. झाडी, दलदल, पुन्हा झाडी. संध्याकाळी आठला अँकरेज. अण्णांनी वासिलाजवळ विचारलं, "अजून किती स्टेशनं?" बस असती तर हेच विचारलं असतं, पण दीड तास आधी. मोठ्या बॅगा बऱ्याचदा वेगळ्या जातात, आणि लॉजच्या खोलीत पोचायला कधी कधी रात्र होते. औषधं, एक जोडी कपडे, स्वेटर आणि चिवड्याचा डबा हातातच ठेवा. उत्तरेकडे जाताना पर्वत डाव्या हाताला असतो, दक्षिणेकडे येताना उजव्या. जागा निवडता आली तर तेवढं लक्षात असू द्या.

आता माझं मत म्हणाल तर पूर्ण रेल्वेची गरज नाही. एक टप्पा रेल्वेने, एक कोचने. रेल्वे अँकरेज किंवा टॉकीटना ते डेनाली या टप्प्यासाठी. डेनाली-फेअरबँक्स दोन-अडीच तास कोचनेच करा, तिथे रेल्वेचे चार तास घालवून फारसं काही मिळत नाही. नेनाना कॅन्यनचा सुरुवातीचा भाग सुंदर आहे, पण तो लॉजच्या आसपास फिरतानाही दिसतोच.

स्वतः गाडी चालवणं

हे तरुण जोडप्यांना आवडतं आणि ते समजण्यासारखं आहे. मनाला येईल तिथे थांबा, टॉकीटनाला वळा (हायवेपासून १४ मैल आत), छोट्या विमानाने पर्वताभोवती चक्कर मारा, टर्नअगेन आर्म या खाडीच्या काठाने हळूहळू जा. पण आई-वडील बरोबर असतील तर गाडी चालवणारा मुलगा किंवा जावई आठवडाभर रस्त्याकडेच बघत बसतो, आणि मागून "हळू चालव रे, इथे मूस येतात" हे चालूच. मूस, म्हणजे तिकडची अवाढव्य हरणं, खरोखर येतात, आणि चारशे-पाचशे किलोचा प्राणी गाडीवर आला तर गंमत राहत नाही. उन्हाळ्यात अँकरेजला गाड्यांचं भाडं बेफाम वाढतं, अँकरेजला घेऊन फेअरबँक्सला सोडायची तर आणखी. आणि पार्कमध्ये शेवटी बसच.

व्हिटियरचा बोगदाही ध्यानात ठेवायला हवा. चार किलोमीटरचा, एकाच मार्गिकेचा, गाड्या आणि रेल्वे दोन्ही त्यातूनच. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी खोदला, मोटारींना २००० मध्ये खुला झाला. ठरलेल्या वेळेला एका बाजूची वाहतूक सोडतात, मग दुसऱ्या. जहाजाच्या दिवशी वेळ चुकली तर बोगद्याच्या तोंडाशी तास मोजत बसायचं. कोच असो वा रेल्वे, हा ताण दुसऱ्याच्या डोक्यावर असतो.

ज्यांना डेनाली नको, पण थोडी जमीन हवी, त्यांच्यासाठी गाडीचा एक छान उपयोग आहे: व्हिटियर-अँकरेज पट्ट्यातच दोन दिवस. पोर्टेजजवळचं वन्यप्राणी संवर्धन केंद्र, गर्डवुडचा रोपवेचा पाळणा, टर्नअगेन आर्मच्या कड्यांवरच्या पांढऱ्या मेंढ्या. कुठेही तासाहून जास्त बसावं लागत नाही. गुडघे फारच दुखरे असतील तर मी हाच पर्याय सुचवते, आणि आई-वडील पर्वत राहिला म्हणून रुसत नाहीत. रुसतात ती मुलंच.

नुसतं जहाज: बस नाही, पण काय नाही तेही बघा

सिअ‍ॅटलहून निघणाऱ्या जहाजाला कमी लेखायचं कारण नाही. केचिकान, जुनो, स्कॅगवे, हिमनद्या, सगळं त्यात येतं. जुनोची मेंडेनहॉल हिमनदी बंदरापासून २० किलोमीटरच्या आत, बसने अर्धा तास. स्कॅगवेला तर सोन्याच्या शोधाच्या काळातली, १९०० मध्ये पूर्ण झालेली, तीन फूट अंतराच्या रुळांवरची छोटी रेल्वे थेट खिंडीत चढते. लहान मुलं बरोबर असतील, कुणी व्हीलचेअरवर असेल, तर एवढं पुरे.

पण हा सगळा किनाऱ्याचा, पावसाळी जंगलाचा अलास्का. आतला, उघड्या टुंड्राचा, कॅरिबू हरणांचा अलास्का जहाजावरून दिसत नाही. आणि बसचा त्रास टाळला म्हणून त्रास टळत नाही. सिअ‍ॅटलची जहाजं बहुधा व्हँकूव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकातून जातात. तिथे डोलणं होतं. व्हँकूव्हरहून निघणारी आतल्या सुरक्षित जलमार्गाने जातात, पण व्हिटियरला पोचायला त्यांना अलास्काचं आखात ओलांडावं लागतं, आणि ते कधी कधी चांगलंच हलवतं. सासूबाईंना बसमध्ये कधी मळमळलं नाही. आखातात दिवसभर लिंबू चोखत पडून होत्या. ज्याला बस लागते त्याला समुद्रही लागण्याची शक्यता जास्त, हे विसरून चालत नाही.

रॉकीज आणि युकॉन

आपल्याकडच्या ग्रुप टूर बहुतेक कॅनडाच्या रॉकीज आणि मग अलास्का क्रूझ असं जोडतात. तिथे बसचा हिशेब वेगळा आहे. लेक लुईस ते जॅस्पर हा २३० किलोमीटरचा रस्ता म्हणजे पाहण्याचे तास, जगातल्या सुंदर रस्त्यांपैकी एक. तिथे कोचच्या उंच सीटवरून दिसतं तसं गाडीतून दिसत नाही. (२०२४ च्या जुलैमधल्या वणव्यात जॅस्पर गावाचा जवळपास तिसरा हिस्सा जळला, गावात राहायचं असेल तर हॉटेलची चौकशी करून ठेवा.) खरं बसणं त्याच्या पुढचं: जॅस्पर ते कॅमलूप्स सुमारे ४४० किलोमीटर, कॅमलूप्स ते व्हँकूव्हर ३५५. माउंट रॉबसन सोडलं तर पहिल्या दिवसात मन रमवणारं फार नाही. शक्य असेल तर कॅल्गरीहून व्हँकूव्हरला सरळ विमानाने जा, दीड तास. ग्रुपमध्ये ही सोय मिळत नाही, पण काही आयोजक विचारल्यावर करून देतात.

कॅनडातल्या युकॉन प्रांताची पॅकेज, स्कॅगवेहून व्हाइटहॉर्स आणि पुढे डॉसन सिटी, ही मी आई-वडिलांना सुचवत नाही. व्हाइटहॉर्स-डॉसन हा एकच टप्पा ५३० किलोमीटरचा आहे. सोन्याच्या शोधाचा इतिहास ज्यांना पाठ आहे त्यांनी जावं, आनंदाने जावं.

आधी जमीन की आधी जहाज

माझं यावर ठाम मत आहे: आधी जमीन. २०१८ मध्ये सात दिवस जहाजावर खाऊन-पिऊन, दहाला उठून सवय लागल्यावर पहाटे सहाच्या बॅगा जिवावर आल्या. २०२३ मध्ये भारतातून आलेल्यांची झोप तशीही उलटी होती. आई-अण्णा पहाटे चारलाच जागे असायचे. मग जहाजावर चढलो तेव्हा डेनालीचा सगळा थकवा त्या खोलीत टाकला आणि सात दिवस कुठे उतरायचं, कुठे नाही हे मर्जीवर. ऑगस्टअखेर टुंड्रा तांबडा झालेला असतो, डास कमी झालेले असतात. हंगामाच्या त्या टोकाला थंडी आणि पाऊस मात्र धरून चला.

पार्कमध्ये मोकळा वेळ असेल तर बर्फावर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांचं प्रात्यक्षिक बघा, फुकट असतं, आणि तिथे न्यायला पार्कची बसही फुकट. दोन रात्री असतील तरच हे जमतं.

कोचमध्ये काय करायचं तेही थोडक्यात: प्रत्येक थांब्याला उतरायचंच, भूक नसली तरी. वाटेतल्या ढाबेवजा हॉटेलांत शाकाहारी म्हणजे बटाट्याचे तळलेले तुकडे आणि चीजचं सँडविच, त्यामुळे तिखटमिठाच्या पुऱ्या बरोबर असू द्या. पायांना सूज येत असेल तर दाबाचे मोजे घालावेत का ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. आणि रोज जागा बदलायची पद्धत असते तेव्हा "आमची पुढची सीट" म्हणून भांडू नका. मागची शौचालयाजवळची जागा एखाद्या दिवशी आपल्याही वाट्याला येणारच.

राहता राहिला व्हिसा, आणि यात बऱ्याच जणांची फसगत होते. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला तरी कॅनडाचा वेगळा लागतो. व्हँकूव्हरला चढायचं किंवा उतरायचं असेल तर लागणारच, हे उघड आहे. पण सिअ‍ॅटलचं जहाजही बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं. १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला मधे परदेशी बंदर घ्यावंच लागतं, आणि ही मोठी जहाजं जवळजवळ सगळी परदेशी झेंड्याची. उतरायचं नसलं तरी चढतानाच कागद तपासतात. ठसे देऊन पासपोर्टवर शिक्का मिळायला आठवडे लागू शकतात, तेव्हा खोलीचं आणि रेल्वेचं नंतर बघा. आई-बाबा पुण्यात असतानाच हा अर्ज भरून टाका.